पाच वॅट आणि मुळशीचा डोंगर

नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकाच वेळी हवेत उतरतात. सीक्यू वर्ल्डवाइड ही मोर्सची स्पर्धा आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. तिच्यात क्यूआरपी नावाचा एक गट आहे. अँटेनाकडे जाणारी शक्ती ५ वॅटच्या वर जाऊ द्यायची नाही, एवढीच त्याची मुख्य अट. तुमच्याकडे परवाना आहे, छोटी रिग आहे आणि पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर तार बांधून कंटाळा आलाय, तर ही स्पर्धा मुळशीत जाऊन खेळा. कसं जायचं, कुठे बसायचं आणि दोन दिवस काय करायचं, ते इथे सांगतो.

आधी ५ वॅटची भीती काढून टाकू. १०० वॅटवरून ५ वॅटवर आलं की सिग्नल १३ डेसिबलने खाली येतो. एस-मीटरवर हा फरक दोन घरांहून थोडा जास्त, म्हणजे पलीकडे तुमचा सिग्नल एस-सात येत असेल तर आता एस-पाचच्या आसपास येईल. मोर्सला एवढं पुष्कळ होतं. अडचण असते ती आपल्या कानाची. कोथरूडच्या किंवा वाकडच्या इमारतीत एलईडी दिवे, लिफ्टचे ड्राइव्ह, इन्व्हर्टर आणि राउटरचे ॲडॅप्टर मिळून सगळा बँड खरखरीने भरून टाकतात. समोरचा आपल्याला ऐकत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. मुळशीत जायचं ते यासाठी. तिथे वॅट वाढत नाहीत, ऐकू येणं वाढतं. म्हणून या खेळात पहिला पैसा आणि पहिला वेळ जागेवर घालवावा, मग तारेवर आणि सर्वांत शेवटी रिगवर.

नोव्हेंबरच का, तेही बघा. परदेशातली पुस्तकं वाचून जूनमधला फील्ड डे करावासा वाटतो. अमेरिकेत तो जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो, आणि त्या दिवसांत ताम्हिणी घाटात पावसामुळे माणसाला उभं राहणं कठीण. ऑक्टोबरच्या शेवटी याच स्पर्धेची आवाजावरची फेरी असते, पण तेव्हा परतीचा पाऊस रेंगाळलेला असू शकतो आणि दुपारी ढगांचा गडगडाट झाला की अँटेना उतरवून गाडीत बसावं लागतं. मार्चमध्ये डब्ल्यूपीएक्स येते. तेव्हा गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, वणव्यांचा काळ असतो. नोव्हेंबरअखेर मात्र हवा कोरडी, आकाश स्वच्छ, रात्री गार आणि वाटा सुकलेल्या. त्यातून ही फेरी मोर्सची, आणि कमी शक्तीला मोर्सइतका आधार दुसरा कशाचाच नाही. आवाज दोन-अडीच किलोहर्ट्झवर पसरतो, मोर्सचा सूर अगदी अरुंद पट्टीत मावतो. त्यामुळे आवाजाने पार बुडून जाईल अशा ठिकाणीही मोर्स कानाला लागतं.

निघण्याआधी कागद. आपल्या परवान्यावर केंद्राचं ठिकाण लिहिलेलं असतं. घराबाहेर, तात्पुरत्या जागेवरून चालवण्याबद्दलच्या अटी परवान्यात आणि सध्याच्या नियमांत वाचून घ्या, आणि शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे लेखी विचारणा करा, तीही पुरेशी आधी. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर जुन्या नियमांची जागा नवे नियम घेत आहेत, तेव्हा मित्राने पाच वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका. जनरल असो की रिस्ट्रिक्टेड, ५ वॅट दोन्ही परवान्यांच्या मर्यादेत बसतात. बँड आणि उत्सर्जनाचा प्रकार मात्र आपल्या परवान्यात लिहिलेलाच वापरायचा. मूळ परवान्याची प्रत आणि ओळखपत्र सोबत ठेवा. पौड पोलीस ठाण्यात आधी जाऊन एक साधं पत्र देऊन या: कोण, कुठे, कधी, कशासाठी. डोंगरावर तार ताणून कानाला हेडफोन लावून ‘टीटी-टाटा’ करणारा माणूस गावकऱ्यांना संशयास्पद वाटणं स्वाभाविक आहे, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पुठ्ठ्यावर ठळक मराठीत ‘हौशी रेडिओ केंद्र, शासनाचा परवाना आहे, या आणि बघा’ असं लिहून लावलं की निम्मे प्रश्न सुटतात. जे येतील त्यांना हेडफोन देऊन जपान ऐकवा. जागेच्या मालकाला भेटल्याशिवाय तर एकही खुंटी ठोकू नका.

आता जागा. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड या रस्त्याने गेलं की धरणाचा जलाशय लागतो आणि पाण्याकाठी बसायचा मोह होतो. पाण्यामुळे सिग्नल दूर जातो हे समुद्राच्या बाबतीत खरं आहे, कारण खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं. मुळशीचं गोडं पाणी तसं नाही. आडव्या तारेला त्याचा म्हणावा असा फायदा होत नाही. उलट पाणी असतं दरीत, आणि दरीभोवती डोंगर. दोन किलोमीटरवर तुमच्यापेक्षा ३०० मीटर उंच डोंगर असेल तर क्षितिजावरचे पहिले साडेआठ अंश तो खाऊन टाकतो. युरोपहून येणाऱ्या सिग्नलचा बराचसा भाग याच अंशांतून येतो. तेव्हा पाणी बघायला जरूर जा, पण रेडिओ लावायला वर या.

वर म्हणजे कुठे? मुळशीची पश्चिम बाजू कोकणात तुटते. ताम्हिणी, घनगडाचा परिसर, लोणावळ्याच्या बाजूने येणारी कोरीगडाची रांग, इथल्या पठारांच्या कडेला उभं राहिलं की पश्चिमेकडे आणि वायव्येकडे जमीन एकदम खाली जाते. आपल्याकडून युरोपची दिशा वायव्येला, साधारण ३१५ ते ३२० अंशांवर. ज्या दिशेला उतार, त्या दिशेला तारेचा सिग्नल जमिनीलगतच्या कोनात निघतो. आठ मीटरच्या बांबूवरची तार अशा कडेवर पंधरा मीटरच्या मनोऱ्यासारखं काम करू शकते. कडेपासून मात्र सुरक्षित अंतर ठेवा. फायदा उताराचा असतो, टोकावर बसण्याचा नाही. ताम्हिणीचा काही भाग अभयारण्यात येतो. तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय थांबायचं नाही, आणि रात्रीचं तर नाहीच. किल्ल्यांवरही रात्री राहता येईल असं गृहीत धरू नका. तटाच्या दगडांत खिळे नकोत, मंदिराच्या कळसाला दोर नको. खाजगी शेताचं वरचं टोक किंवा गावाबाहेरचं माळरान, मालकाला विचारून, हीच माझी पहिली पसंती. एक तर शांतता मिळते, दुसरं म्हणजे पाणी आणि मदत हाकेच्या अंतरावर असते.

जागा ठरवायला नकाशा पुरत नाही. आठवडाभर आधी रिग, बॅटरी आणि पाच-सहा मीटर तार घेऊन तिथे जा आणि नुसतं ऐका. मुळशीत वीज फार जुनी आहे. टाटांच्या धरणाचं पाणी इथून खाली भिऱ्याला जाऊन वीज होतं, आणि त्याच धरणासाठी गेलेल्या जमिनींवरून १९२१ मध्ये सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला. आज या तालुक्यातून उच्च दाबाच्या वाहिन्या जातात. तुटक्या इन्सुलेटरची खरखर कित्येक शे मीटरवरूनही ऐकू येते. आणखी एक आवाज इथे नेहमी भेटेल: सेकंदा-सव्वा सेकंदाला एक ‘टक’. रानडुकरांपासून भात आणि नाचणी वाचवायला लावलेलं झटका कुंपण, बहुतेक वेळा सौर बॅटरीवर चालणारं. ते शेतकऱ्याच्या पोटाशी जोडलेलं आहे, बंद करा म्हणायचं नाही. आपण जागा बदलायची. रिसॉर्टपासून दूर राहा, तिथले सजावटीचे दिवे संध्याकाळी सुरू होतात, म्हणून दुपारी ऐकून ठरवलेली जागा अंधार पडल्यावर पुन्हा ऐका.

ऐकायची जागा शांत हवी, हा धडा याच जिल्ह्यात फार पूर्वी गिरवला गेला आहे. १९२७ मध्ये इंग्लंडशी लघुलहरींवरून जी बीम बिनतारी सेवा सुरू झाली, तिचं प्रेषण पुण्याजवळ खडकी भागातून होत असे आणि ग्रहण केंद्र थेट दौंडला ठेवलं होतं.

तारेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होतात आणि इथेच पाच वॅट जिंकतात किंवा हरतात. बाजारात आणि गटांमध्ये सध्या एका टोकातून ऊर्जा देणाऱ्या, वीस मीटर लांबीच्या अर्ध्या लहरीच्या तारेचं फार कौतुक आहे. एकच तार ४०, २०, १५ आणि १० मीटरवर चालते, एकास एकोणपन्नासचा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. चालते हे खरं. पण ४० मीटरवर ती तारेच्या आडव्या दिशांना सर्वांत जोरात जाते, आणि २० मीटरवर तिचा नकाशा चार पाकळ्यांचा होऊन आडव्या दिशेलाच खड्डा पडतो. पाकळ्या तारेपासून सुमारे ५४ अंशांवर जातात. म्हणजे ‘युरोप वायव्येला, म्हणून तार ईशान्य-नैऋत्य’ असं बरोबर मांडून बसलात, तर २० मीटरवर नेमका युरोपच खड्ड्यात जातो. तीच तार पूर्व-पश्चिम ताणली तर एक पाकळी सुमारे ३२४ अंशांवर, युरोपकडे पडते. तार तिरकी किंवा उलट्या व्हीसारखी लावली की हे खड्डे बुजतात, पूर्ण नाही, पण बरेच.

माझा सल्ला असा: दिवसाच्या कामासाठी साधा डायपोल, आणि रात्रीसाठी ही लांब तार वेगळी. एकाच मध्यबिंदूला २० मीटरच्या दोन भुजा, प्रत्येकी ५.१ मीटर, आणि १५ मीटरच्या दोन भुजा, प्रत्येकी ३.४ मीटर, एकमेकींच्या टोकांत अर्धा-पाऊण मीटर अंतर ठेवून पंख्यासारख्या पसरवा. एकच कोॲक्स दोन्ही बँडना चालते. १० मीटरसाठी अडीच मीटरच्या भुजांचा वेगळा डायपोल, हलका असल्याने फिशिंग रॉडवर लागतो. तारा मापापेक्षा वीतभर लांब कापा आणि एसडब्ल्यूआर बघून तिथे जाऊन छाटा, कारण जमीन आणि उंची बदलली की अनुनादही सरकतो. २०-१५ मीटरचा डायपोल ईशान्य-नैऋत्य ताणला की एका बाजूला युरोप आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया. मध्यबिंदू आठ ते नऊ मीटरवर आला तर २० मीटरसाठी पुरेसा, १५ साठी उत्तम. मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी करू नका.

उंचीसाठी बांबू. पिरंगुटच्या पुढे विचारलंत तर सरळ, वाळलेला बांबू सहज मिळतो आणि त्याला ॲल्युमिनियमच्या नळीसारखी वीज ओढून घ्यायची सवय नाही. तरी ओला बांबू वीज वाहतो हे विसरू नका, आणि महावितरणची तार जिथे दिसते तिथून बांबूच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब राहा. इथली जमीन कातळाची. खुंटी दोन बोटं आत जाऊन वाकते. रिकामी धान्याची पोती न्या, दगड भरा आणि ताणाचे दोर त्यांना बांधा. उभ्या अँटेनाही मी इथे सुचवत नाही. खाली काळा खडक आणि वर मातीचा पातळ थर असलेली जमीन त्यांना साथ देत नाही, रेडियल पसरायला वेळ जातो आणि गुरं पायाने ते ओढून नेतात. ताणांना रंगीत चिंध्या बांधा, पहाटे गुराखी आणि ट्रेकर त्याच वाटेने येतात.

कोॲक्सबद्दल एकच गोष्ट. आरजी-१७४ बारीक आणि हलकी आहे, पण २० मीटरवर दहा मीटर लांबीत सुमारे एक डेसिबल गिळते. आरजी-५८ तिच्या निम्म्याच्या आसपास. पाच वॅटमधले वॅट वाटेत जाऊ देण्याइतके आपण श्रीमंत नाही.

रिग कोणतीही चालेल. हैदराबादच्या अशहर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी रचलेल्या बिट्स आणि मायक्रोबिट्स या भारतीय रिग जगभर हातांनी जोडल्या गेल्या आहेत, आणि त्यांतली मायक्रोबिट्स कमी पैशांत हे काम करते. मायक्रोबिट्समध्ये शक्ती बँडनुसार बदलते, खालच्या बँडवर जास्त आणि १० मीटरवर बरीच कमी. म्हणून प्रत्येक बँडवर वॅटमीटर लावून ५ वॅटची खात्री करा. जास्त निघाली तर गटाच्या नियमात बसणार नाही, आणि न मोजता ‘पाचच असेल’ असं लिहिणं या खेळाला शोभत नाही.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ऐकताना रिग अर्धा ॲम्पिअर घेत असेल आणि पाठवताना दोन, तर शोधून बोलावण्याच्या पद्धतीत फार तर पाचातला एक भाग पाठवण्यात जातो. सरासरी ०.८ ॲम्पिअर. दहा तासांना आठ ॲम्पिअर-तास. १२ ॲम्पिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी शनिवार निभावून नेते. रविवारसाठी दुसरी ठेवा. सौर पॅनल उन्हात उत्तम चालेल, पण स्वस्त चार्ज कंट्रोलर इतकी खरखर करतात की मग मुळशीला आलोच कशाला असं होतं. चार्जिंग झोपताना करा. गाडीची बॅटरी वापरणार असाल तर सोमवारी सकाळी घाट उतरायचा आहे हे लक्षात ठेवा.

शुक्रवारी दुपारीच पोचा. अंधारात बांबू उभा करू नये. संध्याकाळी एकदा सीक्यू, म्हणजे सर्वांना हाक, पाठवून रिव्हर्स बीकन नेटवर्कवर बघा: जगभरच्या स्वयंचलित ग्राहकांनी तुम्हाला कुठे, किती डेसिबलने ऐकलं ते तिथे दिसतं. तारेची दिशा बदलायची तर हीच वेळ. मोबाइलला तिथे रेंज नसेल तर पौडला असताना घड्याळ सेकंदापर्यंत मिळवून घ्या. लॉगमध्ये वेळ यूटीसीत लिहायची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

स्पर्धेत देवाणघेवाण होते ५९९ आणि विभाग क्रमांकाची. भारत २२ मध्ये आहे. हीच आपली खरी शक्ती. या विभागात भारताबरोबर श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव असे मोजकेच देश, आणि हवेत असणारी स्टेशनं त्याहून कमी. प्रत्येक मोठ्या स्टेशनला प्रत्येक बँडवर २२ हवा असतो, कारण त्याच्या गुणांना विभाग आणि देश दोन्हींनी गुणलं जातं. त्यामुळे कमकुवत भारतीय ‘व्हीयू’ ऐकू आला तरी तो कान देऊन पूर्ण कॉलसाइन काढून घेतो. युरोपच्या मध्यातला पाच वॅटवाला ज्या गर्दीत हरवेल, त्यात मुळशीतला उठून दिसतो.

गुणांचा हिशोबही पाठ करा. दुसऱ्या खंडाशी संपर्काला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, भारतातल्या भारतात शून्य, पण देश-विभाग म्हणून मोजणी होते. जपान भरभरून ऐकू येईल, आणि सोपाही असतो. पण तिथला प्रत्येक संपर्क एकाच गुणाचा. तिथून विभाग २५ आणि देश मिळाला की बँडवर तासन्‌तास जपान गोळा करत बसू नका. युरोप उघडला की तिकडे.

दिवसाची चाल अशी बसते. साडेपाचला अंधार असतो, सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. या तासात ४० मीटरवर युरोप आणि नशीब असेल तर अमेरिकेचा पूर्व किनारा. भारतात हा बँड ७.२ मेगाहर्ट्झपर्यंत, मोर्स तळाशी. उजाडल्यावर २० मीटर, मग आठ-नऊला १५ आणि १० वर पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलिया. जेवून घ्या. दुपारी एक ते सूर्यास्त हा या स्पर्धेचा गाभा आहे: १५ आणि १० मीटरवर संपूर्ण युरोप. २५ व्या सौरचक्राचा कळस २०२४ च्या आसपास होऊन गेला. पुढच्या वर्षांत १० मीटर हळूहळू चंचल होत जाईल, तेव्हा तो उघडा असेपर्यंत आधी तोच वापरा आणि मग १५ वर या. सूर्यास्तानंतर २० मीटर, मग रात्री ४०.

बोलावण्याची रीत. बँडच्या खालच्या टोकापासून वर सरकत जा, जोरात येणारं स्टेशन निवडा, कारण जो जोरात येतो त्याचा अँटेना तुमच्या दिशेला असतो. पूर्ण कॉलसाइन एकदाच पाठवा आणि थांबा. गर्दी असेल तर त्याच्या सुरापेक्षा पन्नास-शंभर हर्ट्झ बाजूला. तीन वेळा नाही जमलं तर वारंवारता लिहून पुढे जा आणि अर्ध्या तासाने परत या. हट्टाने वीस मिनिटं घालवणं हे पाच वॅटचं सर्वांत महाग नुकसान. रविवारी दुपारी सगळं पालटतं. मोठ्या स्टेशनांचं नेहमीचं गिऱ्हाईक संपलेलं असतं, ती सीक्यू पाठवून पाठवून थकलेली असतात, आणि शनिवारी ज्याने ऐकलं नाही तोच पहिल्या हाकेला उत्तर देतो. या वेळेसाठी झोप आणि बॅटरी राखून ठेवा. बँडच्या जरा वरच्या, मोकळ्या भागात स्वतःही सीक्यू पाठवून बघा. व्हीयूची हाक युरोपला आवडते.

शरीराचंही बघा. दव पडतं, वही ओली होते, म्हणून लॉग प्लास्टिकच्या फाइलखाली. उंच गवतातून जाताना बूट आणि लांब पॅन्ट, कुसळांसाठी आणि फुरशासाठीही. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला अत्तर, धूर आणि गोंगाट अजिबात नको. वाळक्या गवतात चूल किंवा स्टोव्ह पेटवू नका, थर्मासमध्ये चहा न्या. लांब विजा दिसल्या तरी कोॲक्स रिगमधून काढा आणि गाडीत बसा, स्पर्धा थांबली तरी चालेल. एकटे जाऊ नका. बरोबरच्याला परवाना नसेल तरी बांबू धरायला तो लागतोच.

हे सगळं नुसतं हौसेसाठी नाही, म्हणून मी ते इतक्या आग्रहाने सांगतो आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, अशाच हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानचा फोन तुटल्यावर त्यांच्याच रेडिओवरून मुख्य भूमीला बातम्या आणि निरोप पोहोचत राहिले. मुळशीच्या वाड्या पावसाळ्यात दरड कोसळून तुटतात. तिथे बॅटरीवर, अंधारात, दुसऱ्याच्या जागेत तार टाकून अर्ध्या तासात हवेत येणारा माणूस उपयोगी पडेल, आणि तो हात एकदा आपत्ती आल्यावर तयार होत नाही.

सोमवारी उतरताना तारेचा तुकडा, टेप, केबल टाय काहीही मागे ठेवू नका. दगड पोत्यांतून काढून जिथले तिथे. लॉग कॅब्रिलो स्वरूपात स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांत पाठवायचा असतो. कागदावर लिहिला असेल तर मंगळवारी रात्री बसून टंकून टाका, शुक्रवारपर्यंत वाट बघू नका. गट क्यूआरपी निवडला आहे ना ते दोनदा तपासा. आयोजक प्रत्येकाच्या लॉगची छाननी करतात आणि निकाल लागल्यावर चुकांचा अहवाल देतात. कोणतं कॉलसाइन चुकीचं ऐकलं, कुठे समोरच्याच्या लॉगमध्ये तुम्ही नाहीच. तो अहवाल बँड आणि वेळ लावून वाचा. चुका संध्याकाळच्या २० मीटरवर जमलेल्या दिसल्या तर पुढच्या वर्षी शेजारचा आवाज शोधा, आणि पहाटेच्या ४० मीटरवर दिसल्या तर शनिवारी पहाटेआधी दोन तास जास्त झोपा.